टाकी भरते, पण टोकाच्या वस्तीला पाणी नाही: गळती आकड्यांनी कशी पकडायची?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरपंचताईंचा आहे. गावाची लोकसंख्या १,८००, नळजोडण्या ३८०. नाल्याकाठच्या विहिरीवर साडेसात एचपीचा पंप, तिथून गावापर्यंत दोन किलोमीटर ११० मिमीची पीव्हीसी लाइन आणि ५० हजार लिटरची उंच टाकी. टाकी दिवसातून दोनदा भरते, वॉलमन गावाचे चार भाग करून पाणी सोडतो, तरी शेवटच्या वस्तीत एक गुंड भरायला बायकांना ताटकळत उभं राहावं लागतं. टाकी भरायला पूर्वी सव्वातीन तास लागायचे, आता साडेचार लागतात. एका कंपनीने सेन्सर आणि मोबाइल ॲपचा काही लाखांचा प्रस्ताव दिला आहे. तो घ्यावा का, आणि डेटा वापरून गळती कमी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं त्या विचारतात.

ताई, आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब मांडू. दोन टाक्या म्हणजे दिवसाला एक लाख लिटर. १,८०० माणसांनी भागलं तर माणशी साधारण ५५ लिटर येतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं प्रमाणही माणशी ५५ लिटरच आहे. म्हणजे टाकीत पुरेसं पाणी चढतंय आणि तरी एक वस्ती कोरडी आहे. अशा वेळी गावात पहिली मागणी येते ती दुसऱ्या विहिरीची किंवा मोठ्या पंपाची. ती सध्या बाजूला ठेवा. फुटक्या लाइनमध्ये जास्त पाणी ढकललं तर दाब वाढतो आणि गळतीही वाढते. पीव्हीसीला लांबीच्या दिशेने गेलेली चीर तर दाब वाढला की उघडते, त्यामुळे दाबाच्या मानानेही पाणी जास्त जातं.

गळती शोधण्याची जगभर चालणारी पद्धत अशी की मध्यरात्रीनंतर गाव झोपलं की वाहिनीतला प्रवाह मोजायचा. त्या वेळी कोणी पाणी वापरत नाही, म्हणून जे वाहतं त्यातलं बहुतेक गळतीचं असतं. पण त्यासाठी वाहिनी चोवीस तास भरलेली लागते. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या मलकापूरने (बुलढाण्याचं मलकापूर वेगळं) मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, तशा ठिकाणी हे जमतं. तुमच्या-आमच्या गावात एका भागाला दिवसाला तास-दोन तास पाणी मिळतं, एरवी पाइप रिकामे. म्हणून आपल्याला तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो: पाणी कोणी वापरत नसताना टाकीची पातळी किती उतरते? त्यासाठी लागणारं मोजमापाचं साधन तुमच्याकडे आहे. ते म्हणजे तुमची टाकी.

टाकीच्या नकाशात आतला व्यास बघा. समजा तो पाच मीटर आहे. मग पातळी एक सेंटीमीटर उतरली की १९६ लिटर गेले. इतकं बारीक मोजणारं मीटर बाजारातून आणलं तर महाग पडेल, आणि इथे ते एका पट्टीने जमतं. टाकीत फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा), त्याला न ताणणारी दोरी, वर कप्पी, दोरीच्या बाहेरच्या टोकाला काटा, आणि खाली उभ्या पाटीवर सेंटीमीटरच्या खुणा. पाटीवरचे आकडे उलटे रंगवायचे, कारण टाकी भरली की काटा खाली येतो. बऱ्याच टाक्यांवर ही पट्टी बांधकामाच्या वेळीच बसवलेली असते, पण दोरी कधीच तुटून गेलेली असते. पहिला खर्च तिथे करा.

आता गळती कुठे शोधायची याचा क्रम. इथे बहुतेक गावं चुकीच्या टोकाला सुरुवात करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दहा मीटर दाबाखाली, म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या दाबाखाली, पाच मिलिमीटरच्या भोकातून तासाला सुमारे ६०० लिटर पाणी जातं. चाळीस मीटर दाब असेल तर तेच भोक दुप्पट, म्हणजे १,२०० लिटर सोडतं. पण भोक केवढं आहे आणि दाब किती आहे, याच्या जोडीला तिसरी गोष्ट बघावी लागते: ते भोक दिवसातून किती तास दाबाखाली असतं. गल्लीतला पाइप दोन तास दाबाखाली असतो. विहिरीपासूनची रायझिंग मेन (टाकीत पाणी चढवणारी मुख्य लाइन) पंप चालतो तितके तास, म्हणजे तुमच्याकडे आता नऊ तास. टाकी आणि तिच्या तळाचा वॉल चोवीस तास. गल्लीतल्या नळाखालची गळती रोज सगळ्यांना दिसते म्हणून तिच्यावर तक्रार होते. टाकीच्या वॉलमधून रात्रभर निसटणारं पाणी कोणाच्याच नजरेस पडत नाही. म्हणून क्रम असा: आधी टाकी, मग रायझिंग मेन, शेवटी गल्ल्या.

टाकीची चाचणी एका रात्रीत होते. रात्री दहाला टाकी भरून सगळे आउटलेट वॉल घट्ट बंद करा, पट्टीचा आकडा लिहा. पहाटे चारला, पाणी सोडण्याआधी, पुन्हा लिहा. समजा नऊ सेंटीमीटर उतरले, तर सुमारे १,७७० लिटर गेले. भिंतीतून झिरपत असेल तर बाहेरून ओल आणि पांढरे क्षार दिसतात. तसं काही नसेल तर वॉल पूर्ण बसत नाही असं समजा. गावातल्या सगळ्यात खोलगट भागातल्या नळाखाली त्या रात्री बादली ठेवली की खात्री होते, कारण वॉलमधून निसटलेलं पाणी शेवटी तिथेच येतं. वॉल उघडून आत अडकलेला खडा काढणं, ग्लँड पॅकिंग (वॉलच्या दांड्याभोवतीचं गळती रोखणारं भरण) बदलणं, नाहीतर वॉलच बदलणं, एवढ्यावर काम भागतं. टाकी भरून वरून वाहते का, तेही बघा. पंप बंद करायला माणूस दोन किलोमीटर जात असेल तर रोज काही मिनिटं टाकी ओसंडून वाहतेच.

रायझिंग मेनसाठी तुमच्या हातात तीन आकडे आहेत, ते फक्त लिहिले जात नाहीत.

पहिला, टाकी भरायला लागणारा वेळ. सव्वातीन तासांत ५० हजार म्हणजे तासाला १५,४०० लिटर. साडेचार तासांत म्हणजे ११,१००. तासाला चार हजारांहून जास्त लिटर कमी पोचतात. मात्र ही मोजणी आउटलेट बंद ठेवूनच करायची. टाकी भरत असताना खालून पाणी सोडलं तर आकड्याला अर्थ उरत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी हे पाळा.

दुसरा आकडा विजेच्या मीटरचा. महावितरणचं बिल महिन्याने येतं, पण मीटर रोज वाचता येतं. तुमच्या पंपाला तासाला साडेसहा युनिट लागतात असं धरू. पूर्वी एका टाकीला २१ युनिट, म्हणजे हजार लिटरला ०.४२. आता २९ युनिट, म्हणजे हजार लिटरला ०.५८. दिवसाला दोन टाक्या धरल्या तर महिन्याला ४८० युनिट जास्तीचे. हजार लिटरमागे युनिट हा एकच आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहिला तरी योजनेची तब्येत कळते. तो चढत गेला तर काहीतरी बिघडलं आहे हे नक्की. काय बिघडलं ते मात्र तो एकटा सांगत नाही. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) झिजला असेल, व्होल्टेज कमी असेल, विहिरीची पातळी खाली गेली असेल किंवा लाइन फुटली असेल.

ते ओळखायला तिसरा आकडा लागतो, आणि माझा सर्वांत जास्त भरवसा याच्यावर आहे. पंप सुरू केल्यापासून टाकीत पहिलं पाणी पडेपर्यंत किती वेळ जातो? लाइन धड असेल आणि पंपाजवळचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा वॉल) नीट बसत असेल, तर पंप बंद झाल्यावरही लाइन भरलेली राहते आणि पुढच्या वेळी पाणी जवळजवळ लगेच पडतं. लाइनला भोक असेल तर मधल्या काळात त्याच्या वरच्या बाजूचं पाणी हळूहळू निघून जातं, आणि पंपाला आधी ती रिकामी लाइन भरावी लागते. वीस मिनिटं उशीर झाला तर निदान पाच हजार लिटर गेले असं समजा. एनआरव्ही खराब असला तरी असाच उशीर होतो, पण तेव्हा पंप बंद केल्यावर विहिरीत पाणी परत पडताना दिसतं किंवा ऐकू येतं. तसं काहीच नसेल आणि तरी उशीर वाढत असेल, तर पंपाला हात न लावता लाइन चालत बघा. पहिलं पाणी पडायचा वेळ पूर्वीइतकाच असेल पण टाकी हळू भरत असेल, तर आधी पंप, व्होल्टेज आणि विहिरीची पातळी तपासा. एक अडचण ध्यानात ठेवा: फूट पंपाजवळच, सगळ्यात खाली असेल तर लाइन जवळजवळ पूर्ण रिकामी होते, आणि टाकीजवळ वरच्या टोकाला असेल तर उशीर नगण्य दिसतो. म्हणून हा आकडा पहिल्या दोन आकड्यांसोबतच वाचायचा.

लाइन चालत बघताना आपल्या काळ्या मातीचं वागणं माहीत असायला हवं. भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. या ओढाताणीत पीव्हीसीचे सांधे निघतात. एप्रिल-मे महिन्यांत फुटलेल्या सांध्याचं पाणी त्याच भेगांमध्ये उतरतं, वर थेंब दिसत नाही. पावसाळ्यात सगळंच ओलं असतं, तेव्हाही दिसत नाही. डोळ्यांना गळती दिसते ती मुख्यतः दिवाळी ते होळी या काळात: कोरड्या धुऱ्यावर मध्येच हिरवं गवत, पांदणीत न वाळणारा चिखल, एखाद्या शेतात तेवढ्याच पट्ट्यातला हरभरा पिवळा पडलेला. म्हणून लाइनीची पायपीट हिवाळ्यात करा, आकडे मात्र बारा महिने घ्या. आकड्याला ऋतू आडवा येत नाही. काठी लावून पाण्याचा आवाज ऐकण्याची पद्धत लोखंडी पाइपवर चांगली चालते, पण पीव्हीसीमध्ये आवाज फार दूर जात नाही. त्यावर वेळ घालवू नका.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून कोणी हे वाचत असेल तर त्यांना एक वेगळी सूचना: तुमच्याकडे जमिनीतल्या क्षारांनी लोखंडी फिटिंग, बोल्ट, क्लॅम्प लवकर गंजतात, आणि गावातली विहीर खारी असल्यामुळे नळाचं पाणी गेलं तर दुसरा आधार नाही. तुमच्या दुरुस्ती वहीत पाइपासोबत फिटिंगचं साहित्य काय होतं हेही लिहा.

आता गल्ल्या. चारही भागांना पाणी सोडताना सुरुवातीची आणि शेवटची पातळी रोज लिहा, दोन आठवडे पुरेत. सेंटीमीटरचे लिटर करा, तासाने भागा, मग त्या भागातल्या जोडण्यांनी भागा. एका भागात जोडणीमागे इतरांच्या दीडपट-दुप्पट पाणी जात असेल तर तिथे बंद नळ चाचणी घ्या. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगा की उद्या सकाळी पाऊण तास या भागातले सगळे नळ बंद ठेवायचे. दोन-दोन जण गल्लीगल्लीत फिरून बघा. ज्या नळांना तोटीच नाही ते लाकडी खुंटी किंवा टोपी लावून बंद करा आणि मोजून वहीत टाका. मग वॉल उघडा. पहिली पंधरा मिनिटं पाइप भरण्यात जातात, ती सोडून द्या. पुढच्या अर्ध्या तासात पातळी किती उतरते ते बघा. बारा सेंटीमीटर उतरली तर अर्ध्या तासात सुमारे २,३५० लिटर, म्हणजे तासाला ४,७०० लिटर जमिनीत चालले आहेत. दोन तासांच्या पुरवठ्यात हे ९,४०० लिटर होतात. ५५ लिटरच्या हिशोबाने ते १७० माणसांचं पाणी आहे. तुमच्या शेवटच्या वस्तीत किती माणसं राहतात?

चाचणीत पातळी फारशी उतरली नाही, तरी तो निकाल तितकाच मोलाचा आहे. मग ती वस्ती गळतीमुळे कोरडी नाही. तिथे वाटपाचा प्रश्न आहे: वस्ती उंचावर असेल, वरच्या भागाला वेळ जास्त मिळत असेल, पाइप बारीक असेल, तोट्या नसलेले नळ नालीत वाहत असतील, किंवा मधल्या घरांनी नळाला टिल्लू पंप लावले असतील. हे ओळखायला एक प्रेशर गेज आणि रबरी नळी पुरते. पाणी सुटल्यावर त्याच वेळी, त्याच चार नळांवर, आठवड्यातून एकदा दाब मोजा. टाकीजवळच्या नळाला १ किलो (म्हणजे सुमारे दहा मीटर) आणि पुढच्या चौकात एकदम ०.२ दिसला, तर त्या दोघांमध्ये शोधायचं. वस्तीतल्या एखाद्या जबाबदार बाईंना वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागला हे रोज कॅलेंडरवर लिहायला सांगा. पाणी किती वाजता आलं आणि कधी गेलं हे त्यांच्याइतकं अचूक कोणालाच माहीत नसतं. ही माहिती आजवर कोणी त्यांना विचारलेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चाचणीत गळती निघाली की तो भाग आणखी तोडायचा. मधला वॉल बंद करून अर्ध्या भागाची चाचणी, मग उरलेल्याची. इथे बहुतेक गावं अडतात, कारण मधे वॉलच नसतो, किंवा असतो तो रस्त्याच्या काँक्रीटखाली गाडलेला. सिमेंट रस्ता करताना वॉल चेंबर वर उचलून घेण्याची अट कामाच्या अंदाजपत्रकात टाका, नाहीतर पुढची वीस वर्षं तो वॉल मिळणार नाही. योग्य जागी बसवलेले दोन नवे स्लुइस वॉल (लाइनचा एक भाग तोडून बंद करणारे) तुमच्या गावाला कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त माहिती देतील.

आणखी एक वही तुमच्याकडे आधीच आहे: क्लोरीनची. जलसुरक्षक (गावचं पाणी तपासणारा माणूस) ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करतो आणि रजिस्टरमध्ये रंग लिहितो. पिण्याच्या पाण्यात नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवं. टाकीखाली पिवळा रंग स्पष्ट येतो आणि एकाच गल्लीत तो नाहीसा होतो, असं सलग दिसलं तर त्या गल्लीतला पाइप फुटून नालीत पडलेला असू शकतो. पुरवठा बंद झाला की रिकामा पाइप ओढ घेतो, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्यातूनच नालीचं पाणी आत येतं. पावसाळ्यातल्या हगवणीच्या साथी अनेकदा अशाच सुरू होतात. म्हणून गळतीच्या यादीत लिटरने लहान पण नालीजवळ असलेली गळती मी नेहमी सगळ्यात वर ठेवतो. ओटीची नोंद ठरलेल्या एकाच नळाची होत असेल तर ती बदलून दरवेळी टोकाचा नळही घ्यायला सांगा.

हे सगळं लिहिणार कोण? तुमचा वॉलमन. तो पहाटे चारला उठतो, कुठला वॉल किती आटे फिरवायचा हे त्याच्या हातात आहे, आणि बहुतेक गावांत त्याचा पगार महिनोन्महिने थकलेला असतो. त्याला वही, पेन, मोबाइलचा रिचार्ज आणि वेळेवर मानधन द्या. वहीत रकाने थोडेच ठेवा: तारीख, पंप सुरू, पहिलं पाणी, टाकी भरली, वीज मीटर, प्रत्येक भागाची सुरुवातीची आणि शेवटची पातळी. संध्याकाळी पानाचा फोटो काढायचा, आणि ग्रामपंचायतीतल्या संगणकचालकाने तो एक्सेलमध्ये चढवायचा. या आकड्यांवरून वॉलमनला कधीही दंड करू नका. एकदा दंड झाला की वहीत रोज तोच तो छान आकडा यायला लागतो आणि तुमचा डेटा संपतो.

दुरुस्तीची वही वेगळी ठेवा. तारीख, जागा, फोनवरून घेतलेलं लोकेशन, पाइपचा आकार, खोली, आणि कारण: सांधा निघाला, सॅडल (मुख्य पाइपवर नळजोडणी बसवायचा पट्टा) सैल झालं, जेसीबी लागला, नांगर लागला. वर्षभराने ही ठिकाणं गावाच्या नकाशावर मांडा. फुटी गावभर सारख्या विखुरलेल्या नसतात, त्याच त्या तीन-चार तुकड्यांत येतात. कोणता तुकडा पूर्ण बदलायचा याचा निर्णय तेव्हा भांडण न होता होतो. नकाशा पुढे नेण्याची हौस असलेला मुलगा गावात असेल तर नकाशासाठी क्यूजीआयएस आणि पाइपांतल्या प्रवाह-दाबाच्या हिशोबासाठी ईपानेट ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पाण्याच्या लाइनींचा आराखडा करण्यासाठी आयआयटी मुंबईचं जलतंत्र आहे. पण वहीशिवाय त्यांचा उपयोग नाही.

कंपनीच्या प्रस्तावाबद्दल: तो आत्ता घेऊ नका. सेन्सर वाईट असतात म्हणून नाही. अकोल्यातल्या ८४ खेडी योजनेसारख्या प्रादेशिक योजनेत, जिथे एका धरणाचं पाणी लांबच लांब वाहिनीने अनेक गावांना जातं, तिथे प्रत्येक गावाच्या फाट्यावर फ्लो मीटर आणि दाबाची नोंद करणारं यंत्र हवंच. तिथे निघालेलं पाणी आणि सगळ्या फाट्यांवर पोचलेल्या पाण्याची बेरीज यांच्यातल्या फरकावरून गळतीचा तुकडा सापडतो, आणि हे हाताने होण्यासारखं नाही. तुमच्या गावाला पुढच्या टप्प्यात टाकीच्या आउटलेटवर एक चांगलं बल्क मीटर (टाकीतून जाणारं सगळं पाणी एकत्र मोजणारं) पुरेल. ते बसवताना मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी ठेवा, आणि पाइप तिथे पूर्ण भरलेला राहील अशी जागा निवडा. रिकाम्या लाइनीत पाणी सोडलं की आधी हवा ढकलली जाते आणि साधं फिरत्या चक्राचं मीटर हवेलाही पाणी समजून मोजतं.

पुढे कधी सेन्सर घ्यायचेच झाले तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: सगळे आकडे दर महिन्याला एक्सेलमध्ये ग्रामपंचायतीच्या ताब्यात येतील, सिम, बॅटरी आणि वीज पडून झालेल्या बिघाडाचा पाच वर्षांचा खर्च किंमतीत धरलेला असेल, आणि ॲप बंद पडलं तरी यंत्रावरचा आकडा जागेवर वाचता येईल.

या आठवड्यात फ्लोटची पट्टी बसवा, टाकीची रात्रीची चाचणी घ्या आणि पहिलं पाणी पडण्याचा वेळ लिहायला सुरुवात करा. तुमचा सव्वा तासांचा वाढीव वेळ बघता मला रायझिंग मेनवर किंवा एनआरव्हीवर पहिला संशय आहे, पण खणायच्या आधी आकडे येऊ द्या. आणि कंत्राटदाराने दुरुस्ती केली की बिल काढण्यापूर्वी तीच चाचणी, त्याच वेळी, त्याच भागात पुन्हा घ्या. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे बिलाला जोडून पाणीपुरवठा समितीच्या सभेत वाचून दाखवा, आणि पातळी पूर्वीइतकीच उतरत असेल तर बिल थांबवा.